वाढत्या अंगाचं

स्वेटर विणताना मला कळतं.
लॉकलनच्या मनगटापुढे दोन बोटं जास्त,
एफीच्या तीन, ती भराभर वाढते.
बाही दुमडायची, हिवाळा काढायचा,
पुढच्या वर्षी एक घडी उलगडायची.
गणिताचं तसं नाही.
गणिताला मनगट कुठे असतं?

केप ब्रेटनच्या या टोकाला शाळेची बस येत नाही.
सप्टेंबरात टपालानं पुस्तकं आली,
वर छापलेलं: इयत्ता चौथी.
जणू चौथी म्हणजे एखादं गाव
आणि नऊ वर्षांची सगळी मुलं तिथलीच रहिवासी.

पहिल्या पंधरवड्यात त्यानं पुस्तक संपवलं.
मी फुशारले. बहिणीला फोन केला,
पाचवीचं मागवलं, लगोलग सहावीचंही.
सहावीच्या तेराव्या पानावर
अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं होतं.
तो पेन्सिल तासत बसला
चाकूनं, सावकाश,
नखाएवढी उरेपर्यंत.
मी म्हणाले, परत वाच.
त्यानं परत वाचलं.
मी म्हणाले, सोपं आहे रे.

हे वाक्य मी आता बोलत नाही.

त्या दुपारी तो मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला
आणि अंधार पडला तरी आला नाही.
मी घाबरले, चार पायऱ्या एकदम खाली उतरले.
बेरजा दिल्या, काटे काढलेल्या हॅडकसारख्या.
तो निमूट गिळत राहिला.
वीसपैकी वीस, वीसपैकी वीस.
मी बरोबरच्या खुणा करत सुटले.
नाताळाच्या आधी एकदा एफी म्हणाली,
"सतरावं तो रोज मुद्दाम चुकवतो.
तू बघतेस का, ते बघायला."

वही उघडली.
अकरा दिवस. अकरा खुणा. माझ्याच हातच्या.

एफीचं तर तंत्रच वेगळं.
वाचायला बसवलं की तिला तहान लागते, मग शू,
मग मांजर कुठे गेलं ते बघायचं असतं.
आणि परवा पिठाच्या डब्यावरचं सगळं
मोठ्यानं वाचून दाखवलं, किंमतीसकट.
कधी शिकली, मला विचारू नका.

फेब्रुवारीत तळं गोठलं.
रोरीनं भोकं पाडली, सहा,
लॉकलन पोटावर झोपून पट्टी आत घालायचा,
कमरेला दोर, दुसरं टोक बापाच्या मुठीत.
दुमडलेली बाही भिजून काळी.
मी काठावर.
पाच इंच झाल्याशिवाय मी बर्फावर येत नाही,
ही माझी लग्नाआधीपासूनची अट.
"मर्डीना, येतेस का?" रोरी दर वर्षी विचारतो,
उत्तर ठाऊक असून.

"साडेतीन," लॉकलन ओरडला.
ओढ्याच्या तोंडाशी त्याहून कमी,
तिथे त्यानं फांदी रोवली, लाल चिंधी बांधून.
वहीत तक्ता केला. कुणी सांगितला नव्हता.
दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं.
रात्रीला पाव इंच.

जेवताना बटाटा तसाच ठेवून तो म्हणाला,
"आई, तुला अजून दीड इंच कमी पडतोय.
दीडला पावनं भागायचं.
म्हणजे दीडमध्ये पाव किती वेळा बसतात, एवढंच ना?"
मी तोंड उघडलं
आणि त्यात बटाटा घातला.
तो बोटांवर, मग ताटाच्या कडेवर,
मग एफीच्या पाठीवर काहीतरी मांडत राहिला.
एफी खिदळत होती.
भांडी घासून झाली, विस्तव राखेत गेला.
"सहा रात्री," तो जिन्यावरून म्हणाला.
"थंडी अशीच राहिली तर."

ते "तर" कुठल्या इयत्तेचं, मला माहीत नाही.

थंडी राहिली.
सातव्या सकाळी त्यानं माझ्या कमरेला दोर बांधला,
गाठ दोनदा ओढून बघितली,
आणि पाच पावलं पुढे जाऊन उभा राहिला.
मी एक पाय ठेवला.
बर्फ कुठेतरी लांब करकरलं.
दुसरा पाय अजून काठावर होता, बराच वेळ.

सोपं आहे, असं तो म्हणाला नाही.